इंटरव्ह्यूला काय घालू? आधी त्या गेटसमोर एक चहा पिऊन या

परवा रात्री साडेनऊला गल्लीतली एक पोरगी दारात उभी. "मावशी, उद्या इंटरव्ह्यूला जातोय मी. ब्लेझर घालू का साधा ड्रेस?" (आमच्या कोल्हापुरात मुलीही 'जातो', 'येतो'च म्हणतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.) मी विचारलं, "कुठं आहे?" म्हणाली, "एमआयडीसीत." "कुठल्या? शिरोली, गोकुळ शिरगाव का कागल?" "गोकुळ शिरगाव." "काम काय?" "स्टोअरमध्ये." "आत शॉपमध्ये, मशिनं चालतात तिथं, फिरवणार आहेत का?" ते तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसेल तर ब्लेझरचं उत्तर मीही देऊ शकत नाही.

मी सतरा वर्षं एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये काढली. पुढं त्याला एचआर म्हणायला लागले, टेबल तेच राहिलं. त्या टेबलासमोर शेकडो पोरं-पोरी बसून गेली. चांगल्या कपड्यांमुळं कुणाला नोकरी लागली असं एकही उदाहरण मला आठवत नाही. पण कपड्यांत लक्ष अडकलं आणि येत असलेलं उत्तर तोंडातच राहिलं, अशी डझनभर तरी सांगेन. त्यात पहिलं माझंच आहे, ते पुढं येईल.

गेट बघून या

तिथली माणसं रोज काय घालून येतात हे कळल्याशिवाय कपाट उघडू नका. इंटरव्ह्यूच्या दोन-तीन दिवस आधी, ऑफिस भरायच्या वेळी, त्या गेटसमोर जाऊन उभं राहा. एमआयडीसीत गेटसमोर नाहीतर कोपऱ्यावर चहाची गाडी सापडतेच. एक चहा घ्या आणि आत जाणाऱ्यांकडं बघा.

युनिफॉर्ममधले ऑपरेटर आत जातील, ते तुमच्या जागेसाठी नसतील तर सोडा. कारमधून उतरणाऱ्या साहेबालाही सोडा. मोटरसायकल स्टँडला लावून, हेल्मेट हँडलला अडकवून, डब्याची पिशवी घेऊन जो स्टाफ आत जातो, तो बघा. शर्ट इन केलाय का बाहेर आहे? पायात काय आहे, साधे बूट, सेफ्टी शूज, का सँडल? गळ्यात टाय एखाद्याच्या तरी दिसतो का? बायका साडीत आहेत, ड्रेसवर आहेत, का कंपनीचा एप्रन वर घातलाय? दहा मिनिटं पुरतात.

सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर चहा पिऊन परत याल. आणि शक्यतो शनिवार टाळा. शनिवारी निम्मा स्टाफ टी-शर्टवर येतो आणि तुमचा अंदाज चुकतो.

जाणं जमत नसेल तर कंपनीचं फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइन बघा. पण खंडेनवमीचे फोटो बघून ठरवू नका. त्या दिवशी मशिनला झेंडूची माळ आणि माणसांना नवे कपडे असतात. एरवी ग्रीसचे डाग घेऊन फिरणारा मेंटेनन्सवाला सुद्धा त्या फोटोत नवरदेव दिसतो. ऑडिटचे किंवा साध्या दिवशीच्या ट्रेनिंगचे फोटो मिळाले तर ते खरे.

तिसरा मार्ग फोनचा. "काय घालून येऊ?" असं विचारू नका, पलीकडचा माणूस "फॉर्मल" म्हणून फोन ठेवतो. असं विचारा: "मॅडम, इंटरव्ह्यूच्या वेळी शॉप फ्लोअरवर यावं लागेल का? तसं असेल तर सेफ्टी शूज घालून येतो." कपड्यांचं उत्तर तर मिळतंच, शिवाय हा पोरगा कारखाना ओळखतो हे त्या मॅडमच्या डोक्यात राहतं. माझ्या तरी राहायचं.

मग एक पायरी वर

एक जिना डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खाली जीन्स-टी-शर्ट. त्याच्यावर कॉलरचा शर्ट आणि साधी कॉटन पँट. त्याच्यावर फॉर्मल शर्ट-पँट, इन केलेला शर्ट, बेल्ट, बूट. त्याच्यावर तेच, पण टाय. सगळ्यात वर ब्लेझर किंवा सूट. मुलींसाठी: कुर्ती-लेगिंग, मग इस्त्री केलेला ओढणीचा ड्रेस, मग कॉटनची नीट नेसलेली साडी किंवा फॉर्मल शर्ट-पँट, आणि सगळ्यात वर त्याच्यावरचा ब्लेझर.

तुम्ही ज्या जागेसाठी चाललात त्या जागेवरचा माणूस रोज ज्या पायरीवर उभा असतो, त्याच्या एक पायरी वर तुम्ही जायचं. एकच. त्याच्या खाली गेलात तर 'याला काही पडलेली नाही' असं वाटतं. दोन-तीन पायऱ्या वर गेलात तर समोरचा अवघडतो. हाफ शर्टातला वर्क्स मॅनेजर थ्री-पीस सूटमधल्या डिप्लोमावाल्या पोराला पंख्याखाली बसवून पाणी पाजतो आणि मनात म्हणतो, हा माझ्याकडं किती दिवस टिकणार?

पायरी कंपनीची नसते, जागेची असते. एकाच कारखान्यात सुपरवायझर, अकाउंटंट आणि एक्सपोर्टला मेल लिहिणारी मुलगी तीन वेगळ्या पायऱ्यांवर असतात. आणि एक अपवाद: तिथले सगळे टी-शर्टवर असले तरी पहिल्या भेटीला कॉलरच्या खाली उतरू नका.

कारखान्यात जायचं असेल तर

इथं जरा थांबतो आपण, कारण कोल्हापुरात नोकरी म्हटलं की बऱ्याच जणांची वाट फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नाहीतर मशिन शॉपमध्येच जाते, आणि गोंधळही इथंच जास्त.

माझा पहिला इंटरव्ह्यू एका फाउंड्रीत होता. कुठली ते जाऊ दे. ताईची रेशमी काठाची साडी आणि मैत्रिणीच्या अडीच इंची टाचेच्या सँडल. केबिनमध्ये दोन प्रश्न झाले आणि मालक उठले, "चला, प्लांट बघू." मोल्डिंग शॉपमध्ये जमिनीवर काळ्या वाळूचा थर असतो हे मला कोण सांगणार? तिसऱ्या पावलाला टाच रुतली. काढली, पुढची रुतली. मालक पुढं चालत विचारत होते की एवढ्या कामगारांची हजेरी तू कशी ठेवशील, आणि मी 'हो सर, हो सर' करत पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते शोधत होते. हजेरीचं सगळं मला येत होतं. बाहेर आले तेव्हा निऱ्यांची खालची वीत काळी झाली होती, आणि मालकांनी काय काय विचारलं यातलं निम्मं मला आठवत नव्हतं. नोकरी लागली नाही. सँडलच्या टाचेचं कातडं सोललं म्हणून मैत्रीण बोलली ते वेगळंच.

तेव्हा शॉपमध्ये नेण्याची थोडी जरी शक्यता असेल तर हे पाळा. पायात पूर्ण बंद, सपाट तळाचे बूट. सेफ्टी शूज असतील तर तेच, पुसून, पॉलिश करून. त्यात कमीपणा काही नाही. कपडा शक्यतो कॉटनचा. भट्टीजवळ ठिणगी उडाली तर टेरिकॉट, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. कॉटनला भोक पडतं, पण ते असं चिकटत नाही. आतला माणूस हे ओळखून असतो. नायलॉनच्या ओढणीला तर आत नेऊच नका. ओढणी हवीच असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन करून टोकं बांधून टाका.

सीएनसी, व्हीएमसी, लेथ असल्या मशिनवर ट्रायल घेणार असतील तर टाय चुकूनही नको. फिरत्या चकजवळ (तुकडा धरून फिरतो तो भाग) लोंबणारं काहीही म्हणजे जीवाशी खेळ: टाय, सैल कफ, गळ्यातली चेन, हातातलं कडं, मनगटाचा जाडजूड गंडा. बोटातली अंगठी आदल्या रात्रीच घरी काढून ठेवा. आयटीआयच्या पोरांनी फिकट रंगाचा, अंगाला नीट बसणारा हाफ शर्ट घातला तरी चालतो, तो इन केलेला असावा. ट्रायलच्या वेळी मशिनला हात लावण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवणारा पोरगा मी पाहिलाय. आमच्या फोरमननी तिथंच माझ्याकडं बघून मान हलवली, कटिंगचा पहिला पास नंतर झाला.

डिझाइन, क्वालिटी, परचेस या जागांना फुल शर्ट, गडद पँट, बूट. टाय नको. ब्लेझर नको. प्लांट हेडसारख्या जागेला ब्लेझर चालतो, पण आत जाताना तो केबिनच्या खुर्चीला अडकवून जा.

बाकीच्या ठिकाणी

पतसंस्था, जिल्ह्यातल्या सहकारी बँका, साखर कारखाने, दूध संघ. इथं समोर अधिकारी असतात आणि कधी संचालकही असतात. पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांच्यासमोर टाय लावलेला पोरगा मुंबईहून चुकून आल्यासारखा दिसतो. फिकट निळा किंवा मोतिया शर्ट, काळी किंवा करडी पँट, बस्स. मुलींनी साडी किंवा ओढणीचा ड्रेस. आणि एक पोरांसाठी: कडक स्टार्चचा पांढरा शर्ट आणि खाली पांढरीच पँट घालून येऊ नका. तुम्ही नोकरी मागायला आलाय का तिकीट, असा प्रश्न पडतो.

शाळा-कॉलेज. जूनच्या आसपास सीएचबीच्या, म्हणजे तासांवर पगार असलेल्या जागांच्या मुलाखती लागतात, आणि बहुतेकदा पाठ घ्यायला लावतात. फळ्यावर वरपर्यंत हात नेऊन लिहायचंय हे लक्षात ठेवा. हात वर केल्यावर शर्ट पँटीतून बाहेर येतो का, ब्लाउज काखेत ओढतो का, घरी भिंतीसमोर उभं राहून बघा. काळा किंवा गडद निळा रंग नको, खडूची भुकटी त्यावर पीठ सांडल्यासारखी दिसते. साडी नेसणार असाल तर ती रोज नेसणाऱ्या बाईसारखी वावरता आली पाहिजे. नसेल येत तर साधा ड्रेस बरा. संस्था जुन्या वळणाची असेल तर साडीची अपेक्षा असते, ती बरोबर की चूक हा वाद नोकरी लागल्यावर स्टाफरूममध्ये घाला.

राजारामपुरी, ताराबाई पार्कातली आयटीची छोटी ऑफिसं. आत सगळे जीन्स-टी-शर्ट. तुम्ही कॉलरचा साधा शर्ट, कॉटनची गडद पँट, स्वच्छ बूट. शर्ट इन केला तर उत्तम, नाही केला तरी कुणी बघत नाही. पण तेच काम पुण्यात हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत, पहिलीच नोकरी आणि कॅम्पस भरती असेल, तर फॉर्मल शर्ट-पँट आणि बूट. टाय कॉलेजनं सांगितला तर लावा.

गुजरीतलं सोन्याचं दुकान, गाड्यांचं शोरूम, मोठं हॉटेल. इथं तुम्ही गिऱ्हाइकासमोर उभे राहणार, म्हणून कपडे हा कामाचाच भाग. आधी गिऱ्हाईक म्हणून एक चक्कर मारा, काउंटरवरचा पोरगा जसा दिसतो तसंच दिसून जा, त्यात केस आणि नखं सुद्धा आली. औषध कंपनीच्या एमआरच्या (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या) जागेला टाय लागतो. दवाखान्यात नर्स किंवा लॅबच्या जागेसाठी नखं कापलेली, केस बांधलेले, हातात काही नाही, आवाज न करणारे बंद बूट. पांढरा एप्रन घडी करून पिशवीत ठेवा, मागितला तर असावा.

ऑनलाइन असेल तर बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो लुकलुकतो. एकरंगी घाला. आणि पँटही घाला. चार्जर लावायला उठावं लागतंच.

शर्ट जवळून

महाग शर्ट आणि बसणारा शर्ट यात नेहमी बसणारा निवडा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली की शर्ट थोरल्या भावाचा वाटतो. वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि गळ्यात दोन बोटं जावीत. हात सरळ सोडल्यावर कफ मनगटाच्या हाडाला टेकावा. खुर्चीत बसल्यावर पोटावरची दोन बटणं ओढली जाऊन मध्ये फट पडते का बघा, उभं राहून ती कधीच दिसत नाही. पांढऱ्या शर्टाखाली बनियन पांढराच, बाह्यांचा, जाळीचा नको. ओल्या काखेचा डाग फिकट निळ्यावर सगळ्यात उठून दिसतो. घाम जास्त येत असेल तर पांढरा घ्या.

पँट बुटावर टेकावी, एक हलकी घडी पडावी, टाचेखाली जाऊ नये. बसल्यावर पायाची कातडी दिसता कामा नये, म्हणून मोजे लांब आणि पँटीच्या रंगाचे. बेल्ट आणि बूट एकाच रंगाचे. बक्कल साधं, वाघाचं तोंड नको.

घ्यायचं कुठं? आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला तयार कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, स्वस्त मिळतं, पण दुकान बघा, काही ठिकाणी एक-दोन नग देत नाहीत आणि घालून बघू देतीलच असं नाही. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीत घालून बघता येतं. मला विचाराल तर पँट शिवून घ्या. कापड घेऊन टेलरकडं जाताना तेच बूट पायात घाला, म्हणजे लांबीचं माप खरं येईल. आणि टेलरनं सांगितलेल्या तारखेत आठ दिवस मिळवा. लग्नसराईत पंधरा.

ब्लेझर घ्यायचाच असेल तर गडद निळा किंवा करडा. लग्नासाठी भाड्यानं मिळतात ते चकचकीत कॉलरचे नकोत, त्यात वाजंत्री मागून येतील असं वाटतं. नवा ब्लेझर घरी आणला की दोन गोष्टी करा. बाहीवर बाहेरून टाचलेली कंपनीची पट्टी उसवून काढा, ती ठेवायची नसते. मागं खाली जो काप असतो त्याला फुलीसारखा कच्चा दोरा घातलेला असतो, तो कापून टाका. तो तसाच ठेवून आलेले इतके जण पाहिलेत की मी शेवटी ड्रॉवरमध्ये छोटी कात्री ठेवायला लागले, आणि बाहेर बाकावरच त्यांना म्हणायचे, "भावा, जरा पाठ कर." खालचं बटण कायम उघडं ठेवायचं आणि बसताना वरचंही सोडायचं.

मुलींसाठी

ड्रेस असो वा शर्ट-पँट, त्यात कमी-जास्त काही नाही. आमच्या इंजिनिअर मुली शर्ट-पँट घालूनच यायच्या आणि आत बिनधास्त फिरायच्या. बघायचं ते वेगळंच आहे. कुर्त्याचा काप किती वर जातो? बसल्यावर गळा पुढं येतो का? ओढणी दर दोन मिनिटांनी सावरावी लागते का? लागत असेल तर पिना मारा नाहीतर ओढणीच नसलेला, जॅकेटचा ड्रेस घ्या. साडीला खांद्यावर एक आणि निऱ्यांना एक पिन, आणि ती सहावारी अंगाला सवयीची असलेली, नवी कोरी नको, कडक कॉटन बसल्यावर फुगतं.

मंगळसूत्र, टिकली, एखादी बांगडी, याला कुणी काही म्हणत नाही. म्हणणारा असेल तर तिथं नोकरी करायची का हा तुम्ही विचार करा. फक्त काचेचा चुडा टेबलावर हात ठेवला की खणखणतो आणि तुमचंच वाक्य तुटतं. अत्तर, सेंट दोघांसाठीही नको. एसी केबिन दहा बाय दहाची असते. पोरांसाठी त्याच यादीत तंबाखू-सुपारीचा मावा; सकाळपासून तोंडाला लावू नका. दात लाल असले की शर्टाची इस्त्री कोण बघणार?

पायताणाचं काय करायचं

हा प्रश्न दुसऱ्या गावात कुणी विचारणार नाही, आपल्याकडं हमखास निघतो. "कोल्हापुरी घालून गेलं तर?" आपल्या चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला दाखवल्या आणि सगळीकडं गदारोळ झाला. अभिमान आहेच. पण मिलानच्या रॅम्पवर चालली म्हणून शिरोलीच्या गेटवर चालेल असं नाही. कारखान्यात, लॅबमध्ये, बँकेत नको. बोटं उघडी, आणि नवी करकर वाजणारी जोडी कॉरिडॉरमध्ये तुमच्या आधी पोचते. शिवाय कातडी तळ पावसात भिजला की फुगतो.

चालते कुठं? हस्तकला, पर्यटन, डिझाइन, एखादी सांस्कृतिक संस्था, अशा ठिकाणी कुर्ता किंवा साडीवर, पॉलिश केलेली, वापरून मऊ झालेली. तिथं ती शोभते.

बूट नवे असतील तर निदान चार दिवस घरात घालून फिरा. टाचेला फोड आलेला माणूस चालण्यावरून ओळखू येतो.

पाऊस, मोटरसायकल आणि हायवे

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात इंटरव्ह्यूचे कपडे अंगावर घालून निघायचेच नाहीत. रेनकोट घातला तरी मांडीवर पाणी साचतं आणि कॉलर आतून घामानं भिजते. शर्ट घडी करून, मध्ये वर्तमानपत्र घालून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. बूट-मोजे तिसऱ्या पिशवीत. अंगावर जुनी पँट आणि पायात रबरी सँडल. अर्धा तास आधी पोचा आणि गेटवर वॉचमनना सांगा, "मामा, इंटरव्ह्यू आहे, कपडे बदलायला जागा आहे का?" कधी कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. ओल्या पिशव्या आणि हेल्मेट तिथंच ठेवायला मागा, केबिनमध्ये टपकणारा रेनकोट नेऊ नका. कंगवा आणि छोटा टॉवेल विसरू नका, हेल्मेटनं केस चपटे होतात.

पावसाचा जोर असेल तर शिरोलीकडं निघायच्या आधी रस्त्याची चौकशी करा. 2019 आणि 2021 च्या महापुरात हायवेवरच पाणी आलं होतं आणि वाहतूक बंद होती. अशा वेळी भिजत पोचण्यापेक्षा सकाळी फोन करून तारीख मागा.

उन्हाळ्यात प्रश्न धुळीचा. फिकट शर्टावर ट्रकच्या धुराची पट्टी बसते. वर जुना शर्ट घाला, पोचल्यावर काढा.

पुण्याला जायचं असेल तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर एसटीत बसून शर्टाची चुणी-चुणी होते. टी-शर्टवर जा, स्वारगेटला उतरून बदला. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीत पोचलात तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. इस्त्रीचा शर्ट हँगरसकट कव्हरमध्ये घालून खिडकीच्या हुकाला अडकवला तर सगळ्यात बरा राहतो, फक्त उतरताना विसरू नका. आमच्या एका कँडिडेटचा शर्ट एकटाच पुढच्या गावाला गेला होता.

आदल्या रात्रीची तालीम

संध्याकाळी पूर्ण कपडे घाला, बूट, बेल्ट, मोज्यांसकट. मग आरशासमोर न थांबता हे करा: खुर्चीत दहा मिनिटं बसा. वाकून जमिनीवरचं पेन उचला. मोटरसायकलवर किंवा स्कूटीवर बसून उतरा. जिना चढा. हात पुढं करून फाइल द्या. यातलं काहीही करताना हात आपोआप कपड्याकडं गेला, तर तो कपडा बदला. एवढा एक नियम पाळलात तर बाकीचं थोडं चुकलं तरी मी रागावणार नाही.

मग बटणं ओढून बघा, सैल असेल तर आत्ताच दोन टाके. चेन वर-खाली करून बघा. पँटची तुरपाई एखाद्या ठिकाणी उसवलेली असते, तिथं बोट घालून तपासा. इस्त्री परटाकडं दिली असेल तर आदल्या दिवशी सकाळीच आणा, संध्याकाळवर ठेवलं की नेमकी लाइट जाते. नवीन कपड्याचं लेबल, खिशाचा कच्चा टाका, बुटाच्या तळाला चिकटलेला किमतीचा स्टिकर, सगळं काढून टाका. तो स्टिकर तर पाय पायावर टाकून बसल्यावर समोरच्याला दिसतो. पिशवीत सुई-दोरा, दोन पिना, रुमाल दोन. एक घामाचा, एक स्वच्छ.

तिथं पोचल्यावर कळलं की अंदाज चुकला

जास्त नटून गेलात? ब्लेझर काढून हातावर घ्या, टाय सोडून खिशात ठेवा. दोन पायऱ्या तिथल्या तिथं उतरता येतात. कमी पडलात तर वर चढता येत नाही, तेव्हा शर्ट इन करा, बाह्या खाली सोडून कफची बटणं लावा, बूट पुसा, केस नीट करा आणि आत जा. माफी मागत बसू नका. रस्त्यात चिखल उडाला असेल तर एकदाच, "सर, येताना ट्रकनं चिखल उडवला," एवढं सांगून पुढचा प्रश्न ऐका. एमआयडीसीत चिखल सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

ती गोकुळ शिरगावची पोरगी शेवटी तिचा निळा कॉटनचा ड्रेस आणि कॉलेजचे काळे बूट घालून गेली. ओढणीला मी पिना मारून दिल्या. संध्याकाळी सांगत आली की त्यांनी तिला रॅकच्या शिडीवर चढून वरच्या खोक्याचा नंबर वाचायला लावला. सोमवारी दुसऱ्या राऊंडला बोलावलंय आणि आता तिला प्रश्न पडलाय की परत तोच ड्रेस घातला तर चालेल का. बूट तेच, ड्रेस दुसरा, असं मी सांगितलंय. तिच्याकडं दुसरा नाही, तर माझ्या मुलीचा करडा होतो का बघायला ती आज रात्री येणार आहे. खांद्याला सैल पडेल बहुतेक, रविवारी शिलाई मशिनवर बसावं लागणार.